सूचना फलक उचलून वेबसाइटवर ठेवू नका: विद्यापीठाचं पान कसं लिहावं

"सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, परीक्षेचे आवेदनपत्र विहित नमुन्यात व विहित मुदतीत सादर न केल्यास होणाऱ्या परिणामांस संबंधित विद्यार्थी सर्वस्वी जबाबदार राहील, याची नोंद घ्यावी."

हे वाक्य मी स्वतः वेबसाइटवर चढवलेलं आहे. टेबलावर कागद आला, टाइप केला, 'प्रकाशित' बटण दाबलं. पुढचे चार दिवस परीक्षा विभागाचा फोन खणखणत राहिला. सगळ्यांचा प्रश्न एकच: मुदत कधीपर्यंत आहे? वाक्यात "विहित मुदत" होती, पण तारीख नव्हती. ती त्या कागदासोबतच्या जोडपत्रात होती, आणि ते जोडपत्र मी तिरकं स्कॅन करून तळाशी डकवलं होतं.

परिपत्रक लिहिताना कार्यालयाचं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: उद्या कुणी विचारलं तर "आम्ही कळवलं होतं" असं म्हणता आलं पाहिजे. वेबसाइटवर येणाऱ्याला मात्र काहीतरी काम उरकायचं असतं. विद्यापीठांच्या वेबसाइट अवघड होतात त्या बहुतेक यामुळेच. तांत्रिक कारणं असतात, पण ती नंतरची. तेव्हा आधी लिहिण्याचं बोलू, मग तांत्रिक बाजूकडे वळू.

लिहिण्याआधी खिडकीपाशी जा

चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला विचारा, की दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कोणते प्रश्न येतात. अर्ध्या तासात वीस प्रश्न मिळतील. ते विचारणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांतच लिहून घ्या. वेबसाइटला शोधखिडकी असेल तर तिच्यात लोक काय टाइप करतात त्याची नोंद तांत्रिक विभागाकडून मागवा. पानावर "उत्तरपत्रिका पुनर्मूल्यांकन" लिहिलेलं असतं आणि लोक "रिव्हॅल्युएशन" किंवा "रीचेकिंग" शोधत असतात. दोन्ही शब्द पानावर हवेत: मथळ्यात एक, पहिल्या वाक्यात दुसरा. यात भाषेचा अपमान होत नाही. रीचेकिंग आणि रिव्हॅल्युएशन या तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर तो फरक सांगायलाही हीच जागा.

मग प्रत्येक पानासाठी एक वाक्य पूर्ण करून पाहा: "हे पान वाचून अमुक माणसाला अमुक काम करता आलं पाहिजे." पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्याला लागणारी कागदपत्रं गोळा करता आली पाहिजेत. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला स्थलांतराचा अर्ज करता आला पाहिजे. रिकाम्या जागा भरता येत नसतील तर पान करू नका. (कुलगुरूंच्या संदेशाला ही कसोटी लावून पाहिली होती. पान अजून आहे, होमपेजवरून मात्र हललं.)

एका पानावर एकच काम ठेवा. परीक्षा विभागाच्या एकाच पानावर फॉर्म, निकाल, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र आणि विभागाचा इतिहास असेल, तर ते पान विभागाच्या सोयीचं झालं. गुणपत्रिका हरवलेल्या विद्यार्थ्याला विभागाच्या रचनेशी काही देणंघेणं नसतं.

उत्तर वर, कारणं खाली

वेबसाइट वापरायला किती सोप्या असतात याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन यांनी १९९७ साली लोक वेबवर कसे वाचतात हे तपासलं, तेव्हा ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळताना दिसले. शब्दन् शब्द वाचणारे होते १६ टक्के. नंतर, २००६ साली, त्यांच्याच संस्थेने वाचकांच्या नजरेचा माग काढला. नजर वरच्या एकदोन ओळींवरून आडवी जाते आणि मग डाव्या कडेने खाली घसरते, असं त्यात आढळलं. लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. महत्त्वाची गोष्ट वरच्या दोन ओळींत आली पाहिजे, आणि प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द कामाचे असले पाहिजेत.

मराठीत याला आणखी एक कारण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. "देण्यात येत असून", "करण्यात आल्यानंतर", "न केल्यास" अशी साखळी लावत गेलं, की शेवटचा शब्द येईपर्यंत वाचणाऱ्याला सगळं डोक्यात धरून बसावं लागतं. काय करायचंय, की करायचंच नाही, हे थेट पूर्णविरामाआधी कळतं. म्हणून मराठीत लांब वाक्य जरा जास्तच छळतं. माझा अंदाज पंधरा-सतरा शब्दांचा आहे. वाक्य त्यापुढे गेलं, की ते मी मोडता येतं का बघतो.

एक सूचना, सोलून

ही सूचना नमुन्यासाठी मी तयार केली आहे, पण अशी एखादी तुमच्या टेबलावरही पडलेली असेल:

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, द्वितीय सत्र परीक्षेचे आवेदनपत्र भरण्यास दि. १२/४ पर्यंत मुदतवाढ देण्यात येत असून तद्नंतर प्राप्त होणारी आवेदनपत्रे विलंब शुल्कासह दि. १६/४ पर्यंत स्वीकारण्यात येतील व त्यानंतर कोणत्याही सबबीवर विचार केला जाणार नाही."

आता पानासाठी:

*दुसऱ्या सत्राच्या परीक्षेचा फॉर्म: मुदत वाढली*
*विलंब शुल्क न भरता: शुक्रवार, १२ एप्रिल २०२४, रात्री ११:५९ पर्यंत*
*विलंब शुल्कासह: मंगळवार, १६ एप्रिल २०२४, रात्री ११:५९ पर्यंत*
*१६ एप्रिलनंतर फॉर्म भरता येणार नाही.*
*तुम्ही आधीच फॉर्म भरला असेल तर पुन्हा काही करायची गरज नाही.*
*परीक्षेचा फॉर्म भरा*

शेवटची ओळ ही लिंक. तिच्याखाली परीक्षा विभागाचा फोन आणि तो किती ते किती उचलला जातो ती वेळ.

काय काय बदललं ते बघा. "उपरोक्त विषय" उडाला, कारण वेबपानावर विषय हाच मथळा असतो. तारखेसोबत वार आला. वार लिहायला कॅलेंडर उघडावं लागतं आणि टायपिंगमधली चूक तिथेच सापडते. सुट्टीच्या दिवशी कार्यालयात कागद जमा करायला सांगणाऱ्या सूचना मी वार लिहितानाच पकडल्या आहेत. "५/६" अशी तारीख टाळा, कारण काही देशांत तो जून वाचला जातो आणि काही देशांत मे. "रात्री १२ पर्यंत" म्हणजे आजची रात्र की उद्याची, यावर वाद होतो, म्हणून ११:५९. परदेशातून अर्ज येत असतील तर कुठली प्रमाणवेळ तेही लिहा. आणि "आजपासून आठ दिवसांत" कधीच लिहू नका. पानावरचा 'आज' रोज बदलत असतो.

"तुम्ही आधीच फॉर्म भरला असेल तर" ही ओळ मूळ सूचनेत नव्हतीच. खिडकीवर विचारलं तेव्हा कळलं, की मुदत वाढली की निम्मे फोन याच शंकेचे असतात.

वाचणाऱ्याला "तुम्ही" म्हणा. "विद्यार्थ्यांनी सादर करावे" यापेक्षा "तुम्ही जमा करा" हे छोटंही आहे आणि जबाबदारी कुणाची तेही सांगतं. "स्वीकारण्यात येतील" हे कोण स्वीकारणार? खिडकी, पोर्टल, की विभागप्रमुख? कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो, आणि नेमका त्यालाच विद्यार्थी शोधत फिरतो.

परीक्षा विभाग इथे हटकून अडवेल: भाषा बदलली तर अर्थ बदलतो, उद्या कोर्टात काय दाखवायचं? त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. नियम आणि अध्यादेश यांची मूळ भाषा जशीच्या तशी राहू द्या. तिच्यावर चार ओळींचा सोपा सारांश ठेवा आणि "नियमाचा मूळ मजकूर" अशी लिंक द्या. सारांश बरोबर आहे का हे ठरवायला वाद घालत बसू नका. विभागातल्या एकाला तो वाचायला द्या आणि विचारा, "विद्यार्थी असतास तर आता काय केलं असतंस?" उत्तर नियमाशी जुळलं तर सारांश चालतो.

मथळा म्हणजे ठळक अक्षरं नव्हेत

बहुतेक जण अक्षर मोठं करतात, ठळक करतात आणि त्याला मथळा म्हणतात. डोळ्यांना तो मथळा दिसतो, यंत्राला दिसत नाही. न दिसणारे किंवा कमी दिसणारे वाचक स्क्रीन रीडर वापरतात. हा पानावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो. विंडोजवरचा एनव्हीडीए २००६ पासून आहे आणि तो फुकट मिळतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर आधीच असतो. एनव्हीडीएत 'एच' दाबत गेलं, की तो एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारतो. तुम्ही नजरेने पान चाळता तसंच तो वाचक 'एच' दाबून चाळतो. मथळे नुसते ठळक केलेले असतील, तर त्याला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं ऐकावं लागतं.

तेव्हा पान लिहायच्या एडिटरमध्ये जी 'हेडिंग १', 'हेडिंग २' अशी यादी असते, ती वापरा. हेडिंग १ पानावर एकच, ते म्हणजे पानाचं नाव. त्याखाली २, त्याच्या पोटात ३. अक्षराचा आकार आवडला म्हणून २ वरून थेट ४ वर जाऊ नका. आकार बदलायचा असेल तर डिझाइन करणाऱ्याला सांगा.

"येथे क्लिक करा"

एकदा दृष्टिहीन विद्यार्थ्याशेजारी बसून आमचं प्रवेशाचं पान ऐकलं. त्याने पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी उघडली. स्क्रीन रीडरमध्ये ही सोय असते. आवाज म्हणू लागला: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, डाउनलोड, येथे क्लिक करा. त्याने हसून विचारलं, "यातलं माझं 'येथे' कुठलं?" पान मीच लिहिलं होतं. मला हसू आलं नाही.

लिंकचे शब्द एकटे वाचले तरी कळले पाहिजेत. "वेळापत्रकासाठी येथे क्लिक करा" यात लिंक "येथे" वर नको. "दुसऱ्या सत्राचं वेळापत्रक" हीच लिंक करा आणि बाकीचं पुसून टाका. लिंक एखादी फाइल उघडणार असेल तर तसं लिंकमध्येच लिहा: "वेळापत्रक (पीडीएफ, २ एमबी)". मोबाइलच्या डेटावर असलेल्याला ४० एमबीची माहितीपुस्तिका अचानक उतरलेली नको असते.

पीडीएफचं दुखणं

विद्यापीठाच्या वेबसाइटवर सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

कागदावर सही आणि शिक्का होतो, मग तो कागद स्कॅन होतो आणि त्याची पीडीएफ चढते. ती पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. तिच्यात अक्षरं नाहीत. स्क्रीन रीडरला ती कोरी, शोधखिडकीला ती कोरी, आणि मोबाइलवर वाचणारा ती बोटांनी ताणून डावी-उजवी सरकवत बसतो. सहीचा कागद पुरावा म्हणून हवा असेल तर खुशाल जोडा, पण मजकूर पानावर टाइप केलेला असलाच पाहिजे.

दुसरा प्रकार लवकर लक्षात येत नाही. पीडीएफ टाइप केलेली आहे, स्कॅन नाही, मराठी स्वच्छ दिसतंय, तरी यंत्राला वाचता येत नाही. एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा उमटला, तर ती फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत.) या फाँटमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवट्यामागचं वाचतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी कार्यालयांत जुने फाँट अजून चालू आहेत, कारण टायपिस्टची बोटं त्यांनाच सरावलेली असतात.

अशा मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी साधनं आहेत. पण रूपांतरानंतर एकदा वाचाच. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे जोडाक्षरांजवळच्या वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. 'ऱ्या' आणि 'ॲ' हीसुद्धा तपासायची ठिकाणं. नावांच्या याद्यांत तर दुप्पट सावध राहा.

तांत्रिक विभागाला आणखी एक गोष्ट विचारा: पानाची भाषा कोणती नोंदवली आहे? मराठी आणि हिंदी एकाच लिपीत आहेत, म्हणून नुसत्या अक्षरांवरून यंत्राला भाषा ठरवता येत नाही. पान इंग्रजी म्हणून नोंदलेलं असेल तर वाचणारा आवाज मराठीवर अडखळतो किंवा मजकूर गाळूनच पुढे जातो. मराठी पानात इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या भागाची भाषा वेगळी नोंदवता येते.

पीडीएफ कुठे चालते? छापून भरायचा अर्ज किंवा शेकडो पानांचा अभ्यासक्रम असेल तिथे. ती करताना वर्डमध्ये मथळे खरे मथळे म्हणून द्या आणि 'सेव्ह ॲज पीडीएफ' वापरा. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं तर मथळ्यांची ती रचना हरवते.

चित्रं, रंग, तक्ते

इथे भरभर जाऊ. चर्चासत्राचं पोस्टर टाकलं तर त्यातली तारीख, जागा आणि नोंदणीची लिंक खाली मजकुरातही लिहा. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे चित्र दिसलं नाही तर ऐकू येईल असं एक वाक्य. ते चित्र त्या पानावर कशासाठी आहे हे त्यात आलं पाहिजे. परिसराच्या नकाशाला "नकाशा" एवढं पुरत नाही. "मुख्य प्रवेशद्वारातून आत आल्यावर ग्रंथालय डावीकडे, परीक्षा विभाग त्याच्या मागे" हे कामाचं. नुसत्या शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे स्क्रीन रीडर ते वगळून पुढे जातो.

नुसत्या रंगाने काही सांगू नका. "लाल रंगातले विषय अनिवार्य" हे रंगांधळ्या वाचकाला कळत नाही. विषयासमोर "अनिवार्य" असा शब्द लिहा. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ हवं. पांढऱ्यावर फिकट करडं छान दिसतं, पण उन्हात मोबाइल धरला की गायब होतं. हे प्रमाण मोजून देणारी फुकट साधनं ऑनलाइन आहेत.

देवनागरीत तिरप्या अक्षरांनी जोर देऊ नका, ती वाचायला त्रासदायक होतात. अधोरेखनही नको, कारण रेघ उकारांवरून जाते आणि लोकांना ती लिंक वाटते. जोर द्यायचाच तर ठळक, तोही परिच्छेदात एकदा.

वेळापत्रकाला तक्ता हवाच, पण त्याच्या वरच्या ओळीतले रकाने 'शीर्षक' म्हणून नोंदवा आणि घरं एकमेकांत विलीन करू नका. पान देखणं दिसावं म्हणून मजकूर तक्त्यात मांडणं तर पूर्ण बंद. आणि ती धावती पट्टी! पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट थांबवायची सोय असली पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतो. माझं मत विचाराल तर पट्टी आणि लुकलुकणारं "नवीन" दोन्ही काढून टाका. सहा महिने लुकलुकणाऱ्या सूचनेला नवीन कोण म्हणणार?

चढवण्याआधीची वीस मिनिटं

माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब व एंटर कळांनी फॉर्मपर्यंत पोहोचून पाहा. आपण पानावर कुठे आहोत ते प्रत्येक टॅबला दिसलं पाहिजे. ब्राउझरमध्ये पान २०० टक्के मोठं करा. काही कापलं जातंय किंवा एकमेकांवर चढतंय का बघा. तेच पान मोबाइलवर उघडा. मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही, तिथे वाक्य मोडा. मग विभागाबाहेरच्या एकाला पान दाखवून एकच काम द्या, "विलंब शुल्काशिवाय शेवटची तारीख सांग", आणि गप्प बसून बघा. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग आहे. त्याचं बोट चुकीच्या ठिकाणी गेलं, की आपल्या तोंडातून "वर बघ ना" निघून जातं.

तपासणीच्या स्वयंचलित साधनांचा उपयोग आहे, पण पर्यायी मजकूर *आहे* एवढंच ती सांगतात. तो मूर्खासारखा आहे का, हे माणसालाच बघावं लागतं. पूर्ण यादी हवी असेल तर वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे डब्ल्यूसीएजी निकष बघा. पान सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे हे आंतरराष्ट्रीय निकष. त्यांची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ ला आली. त्यात ए, एए आणि एएए अशा चढत्या काटेकोरपणाच्या तीन पातळ्या आहेत. सुरुवातीला एए धरून चाला.

चढवल्यानंतर

प्रत्येक पानाला एक मालक हवा, आणि तो "परीक्षा विभाग" असून चालत नाही. अमुक पदावरची एक व्यक्ती हवी, आणि तिच्या कॅलेंडरमध्ये पान पुन्हा बघायची तारीख हवी. तळाशी "शेवटचा बदल" ही तारीख रोज आपोआप बदलत असेल तर ती काढून टाका. ती खोटं बोलते.

आणि दरवर्षी नवं पान करू नका. "परीक्षेचा फॉर्म" हे एकच पान, एकच पत्ता ठेवा आणि त्यात तारखा बदला. आम्ही वर्षाला एक नवं पान करत होतो. गूगलवर शोधलं की गेल्या वर्षीचंच पान आधी यायचं. इतर ठिकाणांहून त्याच्याकडे येणाऱ्या जुन्या लिंका जास्त होत्या. दरवर्षी काही जण गेल्या वर्षीची तारीख वाचून खिडकीशी यायचे, हातात मोबाइल, मोबाइलवर आमचंच पान. जुनं पान नव्याकडे वळवायला तांत्रिक विभागाला दहा मिनिटं लागली. ते सांगायचं आम्हाला सुचायला तीन वर्षं लागली.